मांगरावरचा हिरवा ठिपका

सत्यवानचा शर्ट खुंटीला लावताना सुगंधाच्या हाताला खिशातला फोन लागला आणि ती दचकलीच. चांगलाच तापला होता.

"अवो, ह्यो फुटतलो एक दिवस! त्या मोबाइलवाल्या दीपिकाक दाखवा."

"काय एक फुटाचो नाय. नवी बॅटरी आसा, बसाक वेळ लागतलो," म्हणत सत्यवानने तिच्या हातातून फोन घेतला आणि तो पडवीत निघून गेला.

नवी बॅटरी त्यानेच बसवली होती, व्हिडिओ बघून. फोनची पाठ इस्त्रीने शेकून उचकटली, आणि सगळं परत जोडल्यावर एक स्क्रू हातात उरला. "कंपनीन जास्तीचो घातल्यान," म्हणाला आणि गडी खूश! जन्मभर हापूसची कलमं राखणारा माणूस एका दुपारात इंजिनिअर झाला.

तेव्हा सुगंधाही हसली होती. पण फोन रोज तापायला लागला. तोही सकाळी नाही, रात्री नाही, फक्त साडेचारला नवरा बागेतून चहाला आला की. मग तिचं हसू आटलं. दुपारभर हा बोलतो तरी कुणाशी?

आता खरं सांगायचं तर दुपारी तो बागेत असणं सुगंधाला हवंच होतं. त्यांची एकुलती एक मुलगी सलोनी दीड वर्षापूर्वी आपल्या मनाने देवगडच्या एका रिक्षावाल्याशी लग्न करून गेली. "ह्या उंबऱ्यात तिचो पाय पडता नये," असं सत्यवान चार माणसांत बोलून बसला. बापलेकीचं बोलणं बंद झालं ते झालंच. पण पुढे नातू झाला आणि सुगंधाला राहवेना. रोज दुपारी एकला जावयाची रिक्षा सलोनीला वळणावर सोडायची. पोराला कडेवर घेऊन ती गुपचूप माहेरी यायची आणि चारच्या ठोक्याला निघायची.

सत्यवान कुठे आहे ते सुगंधाला तिच्या मोबाइलवर दिसायचं. मागे एकदा तो कलमावरून पडला आणि दोन तास कुणाला सापडला नाही. तेव्हा सलोनीनेच दोघांच्या फोनांत ती सोय करून दिली होती. हिरवा ठिपका मांगरावर, म्हणजे बागेतल्या आंबे ठेवायच्या खोपीवर, दिसला की समजायचं, हा माणूस आंब्याच्या आढ्या लावतोय. पोराला निवांत खेळवा. महिनाभर दुपारचा तो ठिपका जागचा हलला नव्हता.

सोमवारी सकाळी सत्यवान देवळातल्या बैठकीला गेला आणि फोन घरीच विसरला. सुगंधाने तो उचलला आणि थेट स्टँडवरचं दीपिकाचं मोबाइलचं दुकान गाठलं.

दीपिकाने कव्हर काढलं, पाठ उघडली, आत निरखून बघितलं.

"बॅटरी बरी आसा, काकी. फुगाक नाय. काकांनी काम चोख केल्यानी हां, एक स्क्रू सोडलो तर." मग तिने स्क्रीनवर कसलीशी यादी काढली. "ह्या बघा. रोज एक ते चार फोन कोणी हातातसुद्धा घेवक नाय. बोलणा नाय, व्हिडिओ नाय. चार्जिंग दोन टक्के उतारला. ह्यो आतसून तापणा नाय, काकी. भायरसून तापता."

बोलता बोलता तिने चार्जरच्या भोकात पिन घातली आणि गवताची एक काडी ओढून काढली. काडीला पिकत्या हापूसचा वास येत होता.

सुगंधाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कच्चे आंबे गवतात दडपले की आढी आतून तापते. हा फोन दुपारभर त्या आढीत पुरलेला असतो! दोनदा तिने दुपारी फोन केला होता, तेव्हा "पंप चालू होतो, आयकाक येवक नाय" म्हणाला होता. मेल्याने ठिपका तेवढा मांगरात ठेवला. आणि स्वतः?

परत येताना तिला काशीबाई भेटली. ती मांगरात आंबे निवडायला जायची.

"काशीबाय, आमचे हे दुपारचे खंय जातत गो?"

"तुका ठाव नाय?" काशीबाईने डोळे मोठे केले. "जेवान झाला काय तोंड धुतत, केस विंचरतत आणि जातत. सव्वाचाराक परत." आणि पदराआड हसली.

सुगंधा तरातरा घराकडे निघाली. सव्वीस वर्षांचा संसार! ह्याच्या हट्टापायी पोरगी तुटली, आता हाही गेला तर ह्या घरात उरलं काय? तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला. कोण ती बया, एकदा बघायचीच.

मंगळवारी सकाळी तिने सलोनीला फोन केला. "आज येव नको गो. माका जरा काम आसा."

"काय झाला, आये?"

"काय नाय. उद्या ये."

बापाची ही थेरं लेकीला कुठल्या तोंडाने सांगणार?

एक वाजला. हिरवा ठिपका मांगरावर, अगदी शहाण्या मुलासारखा. "बस हां तसोच," असं त्याला बजावून तिने मोबाइल कमरेला खोचला. मांगराच्या वाटेवर काजूच्या झाडीत दडून बसायचं, हा तोंड धुऊन निघाला की मागोमाग जायचं. पण दीड वाजला तरी तिचा पाय निघेना. सव्वीस वर्षांत ती कधी नवऱ्याच्या मागावर गेली नव्हती. शेवटी मन घट्ट केलं आणि पुढच्या अंगणातून कुणी बघायला नको म्हणून ती मागच्या दाराने बाहेर पडली.

घराला वळसा घालताना ती जागीच थबकली.

माजघराच्या खिडकीखाली, पालथ्या घातलेल्या क्रेटवर सत्यवान बसला होता. डोळे मिटलेले, कान भिंतीला लावलेला.

तिची चाहूल लागली तसे त्याने डोळे उघडले. उठला मात्र नाही.

"दोन वाजत इले गो," तो हळूच म्हणाला, "आज सलोनी पोराक घेवन कित्याक येवक नाय?"