येताना एक

डिसेंबरातल्या रविवारी दुपारी नागसेन अंगणातल्या नव्या इलेक्ट्रिक गाडीत बसून चिखलदऱ्याचा बेत आखत होता. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तरी ज्योत्स्नाला त्याने तिथली थंडी दाखवली नव्हती. आज तीही हौसेने शेजारी येऊन बसली होती.

घाट चढायला बॅटरी पुरेल का, हे पडद्यावर बघायचं होतं. जाताना माणसं दोन, असं त्याने भरलं. येतानाच्या रकान्यात आपोआप एक आलं.

त्याने दोन केलं. पुन्हा एक झालं.

"बिघडलं असंन," ज्योत्स्ना हसली. "शोरूमवाल्याले फोन लावा."

त्याने लावला. तिकडचा माणूस गोंधळला. "साहेब, आपल्या गाडीत माणसं भरायचा रकानाच नाही."

नागसेनने फोन ठेवला. त्याने चिखलदरा पुसला. "घाट राहू दे. अकोल्याले पोरीकडे जाऊ, रस्ता सपाट हाय."

अकोला टाकलं. जाताना दोन, येताना एक.

मग त्याने राजापेठ टाकलं, जेमतेम दोन किलोमीटर. येताना एक.

आता ज्योत्स्नाही हसत नव्हती. "अहो, बंद करा ते."

त्याने गाडीच बंद केली. पडदा काळा झाला. "उतर," तो म्हणाला, "आपल्याले कुठंच नाही जायचं."

तिने दाराची कडी ओढली. दार उघडेना.

त्या गाडीला आवाज असा नव्हताच. समोरचं फाटक हळूहळू जवळ येऊ लागलं, तेव्हा कुठे त्याला कळलं.