आपलं नाही, माझं

रात्रपाळी संपवून कौसल्या नर्स मानेवाड्याच्या नव्या घरी आली, तेव्हा थोरला भाऊ मारोतराव ओट्यावर ट्रंक घेऊन बसला होता. प्लॉटपासून छपरावरच्या कवेलूपर्यंत हे घर तिच्या एकटीच्या पगारातून उभं राहिलं होतं. कालपर्यंत ती त्याच्याच घरी राहत होती.

"दार उघड वं. माह्या रवींद्रचं लगीन ठरलं. समोरची खोली त्या दोघायले देऊन टाक. घर आपलंच आहे."

"आपलं नाही दादा, माझं आहे."

"एकट्या बाईले दोन खोल्या काहून पायजेत?" मारोतराव उसळला. "तुह्या मागं हे घर माह्या पोरालेच जाणार ना?"

"मी अजून मेली नाही. एका खोलीत झोपीन, दुसरी रिकामी ठेवीन. माही मर्जी."

तिनं कुलूप काढताच त्यानं ट्रंक आत सरकवली. कौसल्यानं दोन्ही हातांनी ती ढकलली, तशी ती ओट्यावरून अंगणात आपटली. शेजारणी बाहेर आल्या.

"तू मेली तरी खांदा द्यायले येणार नाही मी!"

"नको येऊ," म्हणत तिनं आतून कडी लावली.

चहासुद्धा न करता ती खोलीच्या मधोमध सतरंजी टाकून आडवी झाली. जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. सतरा वर्षांच्या नोकरीत रात्रपाळीनंतर आपल्याला आज पहिल्यांदाच कोणी पाणी भरायला उठवलं नाही, हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.