बुवांवर राज्य

"बुवा, आता तुमच्यावर राज्य!" आंधळी कोशिंबीर खेळणाऱ्या मुलांनी ओट्यावरच्या दिगंबरबुवांना अंगणात ओढूनच नेलं.

डोळे गेल्यापासून बुवांनी कीर्तन सोडलं होतं. समोरचे श्रोते दिसत नाहीत, मग बोलायचं कुणाशी? येत्या रामनवमीलाही त्यांनी नकारच कळवला होता.

बुवांनी कान टवकारले. ही ठेक्यात पडणारी पावलं मुक्ताची, तो चपला घासत पळतोय अनय. एका दमात त्यांनी तिघांना पकडलं.

"बुवा रडी खेळतात! त्यांना सगळं दिसतंय," मुक्ता फणकारली. "पट्टी कुठे बांधलीये?"

बुवा कितीतरी महिन्यांनी खदखदून हसले. "बांध बाई, घट्ट बांध." मान खाली घालूनच त्यांनी घरात हाक दिली, "सूनबाई, देवळात निरोप धाड. रामनवमीला मी उभा राहतोय म्हणावं."