बासनातली कादंबरी

विमलानं बासनाची गाठ सोडली आणि कपाळावर हात मारला. आत पोथी होती.

दुपारचे अडीच वाजले होते. तात्या, म्हणजे तिचे सासरे, मघाशीच देवघरातलं दुसरं बासन काखेत मारून मारुतीच्या देवळात गेले होते. श्रावणभर ते रोज तिथं गल्लीतल्या बायकांना पोथी वाचून दाखवत. आज ते जे घेऊन गेले होते ती पोथी नव्हती. ती एका डॉक्टरची आणि शाळामास्तरणीची प्रेमकथा होती.

चूक तिचीच. तांबड्या खणाची दोन सारखी बासनं तिनंच शिवली होती. पोथीला कुणी उठसूट हात लावत नाही, तेव्हा कादंबरी लपवायला देवघराइतकी सुरक्षित जागा नाही, असा तिचा कयास. वर्षभर तो खराही ठरला. तिचा नवरा माधव वाचनालयातून आपल्या नावावर पुस्तक आणून द्यायचा. मग ते बासन दूधवाल्या धोंडुबाईच्या पाटीतून गल्लीतल्या पाच घरांत फिरायचं. धोंडुबाईला अक्षरओळख नव्हती, पण फुकटची हमाली करणाऱ्यांतली ती नव्हे. प्रत्येक दारात चरवी टेकून विचारायची, "त्या पोरीचं फुडं काय झालं?" आणि ऐकल्याशिवाय दूध ओतायची नाही.

आज सकाळीही तिनं विचारलं होतं, "डाक्टर आला का परत गगनबावड्यासनं?"

"अजून न्हाय. पोरगी वाट बघतीया. माझी एक्केचाळीसच पानं झाली."

"लौकर वाच की, माझा जीव टांगलाय!"

तात्यांना हे कळलं तर? हेडमास्तरकी सुटून सहा वर्षं झाली होती, तरी कानावरची तांबडी पेन्सिल काही सुटली नव्हती. वर्तमानपत्र असो, लग्नपत्रिका असो, समासात त्यांचा शेरा पडायचाच. पोथीचेही समास त्यांनी भरून टाकले होते. आणि भाचीच्या ट्रंकेत एकदा कादंबरी सापडली तेव्हा त्यांनी त्या पुस्तकावरच बंब पेटवला होता. आता हीही बंबात जाणार, माधवचं वाचनालय बंद होणार आणि पाच घरांतल्या दुपारी पुन्हा नुसत्या गहू निवडण्यात जाणार. विमलाला रडूच फुटलं. गेल्या वर्षभरात तिला आपलं म्हणावं असं एवढंच तर मिळालं होतं.

खरी पोथी पदराखाली धरून ती धावतच देवळाशी गेली, आणि दारातच थबकली.

आत तात्यांचा खणखणीत आवाज घुमत होता. ओवीमागून ओवी, नेहमीसारखी. समोर चौरंगावर कादंबरी उघडी होती, आणि तात्या तिच्यावर नाक टेकेल इतके वाकले होते.

ती त्या पाच घरांतल्याच एका, शेजारच्या अक्काजवळ जाऊन बसली आणि कानाला लागली. "अक्का, तात्यांच्या म्होरं आपली कादंबरी हाय."

अक्काचा आ वासला. मग तिनं जरा कान देऊन ऐकलं. "अगं, म्हणतायत तर पोथीच की."

"तीच तर गंमत. दिसत न्हाय व्हय त्यांना?"

"कुठलं दिसतंय! परवा रस्त्यात मला लांबनं धोंडुबाई म्हणून हाक मारली त्यांनी. चाळीस श्रावण वाचतायत, पोथी तोंडपाठ हाय. पुस्तक आपलं पुढं असायचं म्हणून."

मागून धोंडुबाई पुटपुटली, "कालचाच अध्याय हाय की ह्यो."

"वय झालं गं," अक्का म्हणाली, आणि तिघींनी तोंडाला पदर लावला. हसू यावं की वाईट वाटावं, विमलाला कळेना. पदराखालची पोथी मात्र तिनं आणखी आत सारली.

तात्या पानं उलटत होते. मध्येच ते एका पानावर थांबले. त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले, तशा सगळ्या बायकांनी टिपले. मग सवयीनं कानावरची पेन्सिल काढून काहीतरी खरडलं. इतक्यात आरतीची वेळ झाली. तात्यांनी नेहमीप्रमाणे खुणेला तुळशीचं पान ठेवलं आणि स्वतःच्या हातानं बासन बांधलं.

"द्या, मी घेते," विमला पुढं झाली.

"जपून ने. आज अर्ध्यातच सोडावं लागलं."

तात्यांनी अध्याय अर्धा टाकल्याचं तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण आज तिला त्यांचं सगळंच गोड वाटत होतं. "उद्या पुरा करा की," ती म्हणाली.

"करणारच. उद्या जेवायला जरा लौकर वाढ."

घरी येताच तिनं देवापुढं साखर ठेवली. जीव अगदी भांड्यात पडला होता. कादंबरी वाचली, माधव वाचला, धोंडुबाईची पाटी वाचली. म्हाताऱ्याचे डोळे मात्र गेले, या विचारानं तिला चुटपुट लागली. पुढच्या महिन्यात माधवला सांगून त्यांना मिरजेच्या डॉक्टरांकडं न्यायचं, असं तिनं ठरवलं. बिचाऱ्यांना जवळचं अक्षरही दिसू नये!

मग खरी पोथी जागेवर ठेवून तिनं दुसरं बासन सोडलं. तात्यांनी ठेवलेलं तुळशीचं पान तेवढं काढून घ्यायचं होतं. तिची लोकरीची खूण एक्केचाळीसाव्या पानावर जशीच्या तशी होती. तुळशीचं पान अठ्ठावन्नाव्यावर होतं, आणि शेजारच्या समासात तांबड्या पेन्सिलीनं ठसठशीत शेरा होता: 'डॉक्टर शुद्ध गाढव आहे. मुलीने याची वाट पाहू नये.'