पाहुणीसाठी जाळी

मांजर गॅलरीच्या कठड्यावर चढलं आणि आत पलंगावर बसलेला मिस्त्री ओरडला.

"अगं, तिला आत घे! पडेल ना!"

"तुम्हीच घ्या की," बायको शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली. "माझ्या हातात बाही आहे."

मिस्त्री उठला, गॅलरीच्या दारापर्यंत गेला आणि तिथंच अडला. उंबऱ्याआडून त्यानं चुचकारलं, वाटी वाजवली. मांजरानं ढुंकूनही पाहिलं नाही. मग स्वतःच्या मर्जीनं ते खाली उतरलं आणि थेट शिवणयंत्राखाली जाऊन झोपलं, जन्मभर तिथंच झोपत आल्यासारखं.

लोकांच्या खिडक्यांना लोखंडी जाळ्या बसवण्यात मिस्त्रीची हयात गेली होती. मागल्या वर्षी अशीच एक जाळी बसवताना तो वरून घसरला. पाय सांधला, डॉक्टरांनी काठीही सोडवली, पण भीती जाईना. तेव्हापासून त्यानं गॅलरीत पाऊल टाकलं नव्हतं. रस्त्याची तर बातच नको. अवजारांची पेटी पलंगाखाली धूळ खात होती. कामावरचे सोबती बोलवायला आले की तो पाय दुखतो म्हणून सांगायचा. हल्ली तेही येईनासे झाले होते. आणखी थोडे दिवस असं बसलो तर आपण कायमचेच बसलो, हे त्याला कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

मांजर नुकतंच आलं होतं. मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंकडून बायको शिवणाचं काम आणायची. एकदा ती पिशवी घेऊन आली आणि तिच्यापाठोपाठ हेही जिना चढून आलं, असं तिचं म्हणणं. अंग कसं स्वच्छ, आणि गळ्यात निळ्या दोऱ्याचा तुकडा अडकलेला.

"भटकं दिसत नाही," मिस्त्री म्हणाला होता.

"मग काय, हाकलून देऊ?" बायकोनं विचारलं आणि ती सटासट शिंकली. सर्दीनं तिचा पिच्छाच पुरवला होता.

"नाव बीव ठेवू नकोस. पाहुणी आहे, जाईल."

झालं, पाहुणी हेच नाव पडलं.

संध्याकाळी बायकोनं विषय काढला. "असं चालायचं नाही. खाली गाड्यांचा रस्ता. हिला घरातच ठेवायची तर गॅलरी बंद करायला हवी. कोपऱ्यावरचा जाळीवाला करून देतो म्हणाला. मोठ्या भोकांची जाळी लावू म्हणाला, वारा छान येईल."

"मोठ्या भोकांची?" मिस्त्री ताडकन उठून बसला. "मांजराचं डोकं गेलं की सगळं मांजर जातं! आणि वरून?"

गॅलरी शेवटच्या मजल्यावरची, वर नुसतं आभाळ.

"वर उघडंच ठेवू म्हणाला."

"मांजराला वरून उघडं? डोकं ठिकाणावर आहे का त्याचं?"

"मला बाई त्यातलं काय कळतंय," बायको म्हणाली आणि पुन्हा शिंकली.

मिस्त्रीनं पलंगाखालची पेटी ओढली.

माप त्यानं उंबऱ्यावरूनच घेतलं. टेपचं दुसरं टोक बायकोनं धरलं.

"उंबऱ्यावरचं जाळीचं दार एवढंसं पुरे," तो म्हणाला.

"आणि झाडायला मी रांगत जाऊ? तुमच्या उंचीचं करा. आणि आत एक बाक टाका."

"मांजराला बाक?"

"तिला उन्हात बसायला नको?"

"ती काय पाय सोडून बसणार आहे?"

"तुम्ही आपलं करा हो!"

बायकोनं मागवलेल्या पट्ट्या आणि जाळीच्या चौकटी त्यानं खोलीतच नटबोल्टनं जोडल्या. बसवायची वेळ आली तेव्हा मात्र तो उंबऱ्यावरच अडला. एक पाय आत, एक पाय बाहेर, असा तो घामाघूम होऊन उभा राहिला आणि मग पाना टाकून आत येऊन बसला. बायकोनं टोमणा न मारता पाना उचलून ठेवला. ही तिची पहिलीच वेळ असावी.

दुसऱ्या दिवशी दाराला लागून असलेली पहिली चौकट बसली. मिस्त्रीनं ती दोन्ही हातांनी गदागदा हलवली, गिऱ्हाइकासमोर हलवायचा तशी. हलली नाही. तिला धरून त्यानं पुढची बसवली, तिच्या आधारानं त्यापुढची. मग स्टुलावर चढून वरची जाळी आवळली. उतरल्यावर त्याच्या ध्यानात आलं, आपण गॅलरीच्या मधोमध उभे आहोत. खाली गाड्या धावत होत्या. त्यानं जाळीत बोटं घट्ट अडकवली आणि थोड्या वेळानं सोडली. त्याला एकदम रडू आलं. बायकोकडे पाठ होती म्हणून बरं.

जाळीच्या दाराची एक बिजागरी कमी पडली. बायकोनं चप्पल घातली तसा तो खेकसला, "राहू दे. तू भलतंच काहीतरी घेऊन येशील." आणि जिना उतरून तो स्वतः घेऊन आला.

काम संपलं त्या दुपारी तो बाकावर पाय सोडून बसला. पाहुणी मांडीवर घुरघुरत होती. दोघंही जाळीतून रस्ता बघत होते. उद्या कामावर चक्कर टाकावी, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात बेल वाजली. बायकोनं घाईघाईनं दार उघडलं आणि दबक्या आवाजात काहीतरी सांगू लागली. पण शिंपीणबाईंचा आवाज दुकानातल्या चार यंत्रांवर चढायला सरावलेला.

"झालं का काम? मग द्या बाई आमची ठमी परत. शिंकून शिंकून काय दशा करून घेतलीत, वहिनी! आणि तिला फार कोंडून नाही ना ठेवलंत? दिवसभर छपरांवरून हुंदडणारं मांजर ते, त्याला कसली आलीय जाळी!"