पिनबॉलचा वूफर

घरातलं पिनबॉल खेळायचं मशीन पत्र्याचा डबा बडवल्यासारखं वाजायचं, म्हणून त्याने सुट्टीचा अख्खा दिवस खर्ची घालून मशीनच्या तळाशी खर्जातला आवाज घुमवणारा चांगला मोठा वूफर बसवला. पहिला बॉल सुटला आणि शेजारच्या खोलीतल्या कपबश्या थरथरल्या.

“घर पाडायचा विचार आहे का?” बायको आतून म्हणाली.

रविवारी त्याचा दादा नेहमीसारखा खेळायला आला. मशीन घरात येण्याच्या कितीतरी आधी कारखान्यातल्या घणांनी दादाचे कान पार निकामी केले होते. त्याने मशीनच्या दोन्ही कडांवर तळहात टेकवले, बॉल सोडला आणि जागीच थबकला. बॉल फटका न बसता सरळ खाली जाऊन बाद झाला, तरी त्याने हात उचलले नाहीत.


“हे वाजतं होय रे?” दादाने विचारलं.