नऊ हात

निजामाच्या अमलात कंधारकडच्या एका कसब्यात कमिटीचा नियम होता: शिल्लक खर्चायची तर बारा मेंबरांपैकी नऊ जणांनी हात वर करावेत. बारवेच्या पाण्याने पटकी पसरली आणि चार मेंबर दगावले. संगप्पा वाण्याची नातही तेच पाणी पीत होती, म्हणून त्याने झाकलेल्या विहिरीचा ठराव मांडला. उरलेल्या आठही जणांनी हात वर केले, कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, असलेल्या रेणुकादासरावांनीसुद्धा.

"आठच," आपला हात खाली घेत रावसाहेब म्हणाले. "नामंजूर."

"रावसाहेब, बाकीचे चौघं तर मसणात हायत!"

"पण दफ्तरात नावं आहेत ना त्यांची?"

"मग त्यांच्या जागी नवे घ्या की!"

"बेशक. त्यालाही नऊ हात लागतात, संगप्पाशेट."

पुढच्या उन्हाळ्यात पटकीने संगप्पाची नात नेली. त्याच साली, जिल्ह्यात सर्वांत जास्त शिल्लक राखली म्हणून कमिटीला सनद मिळाली. रावसाहेबांनी शिलकीतूनच तिला चांदीची चौकट करवली.

"याला किती हात लागले, रावसाहेब?" संगप्पाने विचारलं.

 

"काहीतरीच! शुभकार्यात कुणी हात मोजतं का, शेट?"